अध्यक्षपद घ्या ताई, पण आधी नेमणुकीचं पत्र मागा

पत्र : आमच्या जिल्ह्यात हृदयविकारावर संशोधन करणारी एक संस्था आहे. तिच्या सल्लागार मंडळाचं अध्यक्षपद मी घ्यावं आणि जनजागृतीचं कामही सांभाळावं, असा त्यांचा आग्रह आहे. माझी सगळी नोकरी शाळेत गेली, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. गावोगावी ओळखी आहेत, पण डॉक्टरकीतलं काही कळत नाही. मुलगा तालुक्याला पॅथॉलॉजी लॅब चालवतो, हे संस्थेला माहीत आहे. २९ सप्टेंबरला, जागतिक हृदय दिनी, बाजार समितीच्या आवारात २,००० लोकांची मोफत तपासणी करायची आणि सगळ्यांचा ईसीजी काढायचा असं ठरत आलंय. खर्च एक औषध कंपनी देणार आहे. मी नुसतं नाव द्यायचं की काम करायचं? करायचं तर सुरुवात कुठून करू?
— एक निवृत्त मुख्याध्यापिका, अमळनेर तालुका

उत्तर :

ताई,

पद घ्या, आणि काम करायला म्हणूनच घ्या. डॉक्टरकी कळत नाही याचा संकोच बाळगू नका. डॉक्टर संस्थेत आहेतच. मंडप उतरल्यावर आणि पाहुणे गेल्यावर, ज्याचा बीपी वाढलेला निघाला त्याचं पुढे काय झालं, हे विचारणारं माणूस अशा ठिकाणी सहसा नसतं. पट, हजेरी आणि निकाल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. तपासलेल्यांचा आकडा हा पट. महिन्याभराने परत आलेल्यांचा आकडा ही हजेरी. सहा महिन्यांनी ज्यांचा बीपी १४०/९० च्या खाली टिकला, तो निकाल. बहुतेक संस्था पट सांगून थांबतात. तुम्ही निकाल मागायचा.

आता सुरुवात. होकार देण्याआधी नेमणुकीचं पत्र मागा, तेही कलमांसकट. मुदत किती (दोन किंवा तीन वर्षं ठीक), बैठका वर्षाला किती, मंडळाने दिलेला सल्ला विश्वस्तांनी मानला नाही तर कारण लेखी देतील का, तुमचं नाव आणि फोटो कुठे वापरायचा आणि कुणाला विचारून, हे सगळं त्यात हवं. सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असेल, तर विश्वस्तांची नावं धर्मादाय कार्यालयात परिशिष्ट १ वर असतात. तुमचं नाव त्या परिशिष्टावर जाणार आहे का, हे सरळ विचारा. जाणार असेल तर तुम्ही कायद्याने विश्वस्त झालात, आणि पैशाच्या व्यवहाराची जबाबदारीही तुमच्यावर आली. सल्लागाराचं नाव तिथे जात नाही. ‘ताई, इथे फक्त एक सही करा’ असं म्हणून पुढे आलेला कागद आधी घरी नेऊन वाचा.

मुलाच्या लॅबचं पहिल्याच बैठकीत स्वतःहून सांगून टाका आणि इतिवृत्तात लिहवून घ्या. संस्थेच्या कुठल्याही शिबिराचं रक्त त्या लॅबमध्ये जाणार नाही, आणि तपासणीच्या दरांवर चर्चा असेल तेव्हा तुम्ही खोलीबाहेर असाल, हे लिहून ठेवलं की विषय संपला. लपवलं तर तो कधीतरी नक्की निघतो, आणि तेव्हा तुमच्यासोबत संस्थेचं कामही बदनाम होतं. बाकीच्या सदस्यांकडूनही असंच लेखी घ्या, दरवर्षी. कुणाचं मेडिकल दुकान असेल, कुणाची कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या केंद्रात, भागीदारी असेल.

आता २,००० लोकांच्या शिबिराकडे येऊ. आमचं मत स्पष्ट आहे. हे शिबिर या रूपात होऊ देऊ नका.

हिशोब करून बघा. बीपी नीट मोजायचा म्हणजे माणसाला आधी पाच मिनिटं खुर्चीत शांत बसवायचं, मग एक मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजायचं. बसणं आधीच उरकलं असं धरलं, तरी पट्टा बांधणं, दोन मोजण्या आणि नोंद यांना माणशी पाच मिनिटं जातात. एका मशीनवर एक कार्यकर्ती पाच तासांत ६० जण करील. २,००० साठी ३४ मशीनं, ३४ शिकलेल्या कार्यकर्त्या आणि बसवून ठेवायला पुरेशा खुर्च्या लागतील. तेवढं कुणाकडे नसतं. मग काय होतं, तर रांगेतून चालत आलेल्या माणसाला उभ्याउभ्या पट्टा बांधतात, एकदाच मोजतात आणि पुढे ढकलतात. कित्येकांना खोटा बीपी चिकटतो.

आणि समजा मोजणी चोख झाली. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) देशातल्या १५ वर्षांवरच्या स्त्रियांत २१ टक्के आणि पुरुषांत २४ टक्के लोकांचा बीपी वाढलेला किंवा गोळीवर असलेला निघाला. म्हणजे २,००० मधून चारशेच्या वर माणसं निघणार. त्यांना वेगळ्या एखाद्या दिवशी पुन्हा मोजून खात्री करायला हवी, गोळी सुरू करायला हवी, दर महिन्याला बघायला हवं. त्याची तयारी नसताना त्यांना ‘तुम्हाला बीपी आहे’ एवढंच सांगून घरी पाठवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. घरी जाऊन ती चार दिवस काळजी करतात, मग सोडून देतात.

सगळ्यांचा ईसीजी हा तर थांबवायलाच हवा. छातीत दुखत नाही, दम लागत नाही अशा माणसाचा ईसीजी काढला की बारीकसारीक बदल दिसतात, ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, पण माणूस घाबरून पुढच्या तपासण्यांच्या चरकात सापडतो. उलट बाजू त्याहून वाईट. रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली असूनही शांत पडलेल्या माणसाचा ईसीजी साफ येऊ शकतो. तो कागद देव्हाऱ्यात ठेवून माणूस पुढे दोन वर्षं छातीतल्या कळा अंगावर काढतो. ईसीजी मशीन शिबिरात असू द्या, पण तक्रार असलेल्यांपुरतं.

त्याऐवजी हे करा. आठवडे बाजार भरणारी चार गावं निवडा. दोन कार्यकर्त्यांची एक तुकडी दर आठवड्याला एका गावी. म्हणजे प्रत्येक गावाची पाळी बरोब्बर २८ दिवसांनी येते. १० गोळ्यांच्या तीन पट्ट्या दिल्या की पुढच्या बाजारापर्यंत पुरतात आणि दोन गोळ्या हाताशी उरतात, पावसाने एसटी बंद पडली तर म्हणून. माणूस बाजाराला येणारच असतो, त्यामुळे तपासणीसाठी वेगळी मजुरी बुडत नाही. पहिल्या फेरीला दोघी मिळून शंभर-सव्वाशे नवे लोक मोजतील, पुढच्या फेऱ्यांत जुने परत यायला लागले की नवे कमी होतील. हे कमी होणं चांगलं लक्षण आहे, ते संचालकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘आकडा पडला’ म्हणून ओरड होईल.

गोळ्या संस्थेने स्वतः वेगळ्या आणू नयेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात ३० वर्षांवरच्यांची तपासणी आणि बीपी-शुगरच्या गोळ्या मोफत आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता, आणि त्यातून शिकण्यासारखं हेच की औषधांचा एकच ठरलेला क्रम, न खंडणारा पुरवठा आणि घराजवळची फेरतपासणी एवढ्यावर काम होतं. तेव्हा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा, लेखी परवानगी घ्या आणि त्यांच्याच क्रमाने गोळ्या चालतील असं ठरवा. आज संस्थेची गोळी, उद्या सरकारी वेगळी, परवा मेडिकलवाल्याने बदलून दिलेली, असं झालं की आजोबा तिन्ही एकदम घेतात आणि चक्कर येऊन पडतात.

मोजणीबद्दल थोडं बारकाईने सांगतो, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. मनगटाचं मशीन नको, दंडाचं, प्रमाणित केलेलं घ्या. पट्टे दोन मापांचे ठेवा. दंडाचा घेर शिंप्याच्या टेपने मोजायचा. साधारण २२ ते ३२ सेंटिमीटरला मधला पट्टा, त्यावर मोठा. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की बीपी आहे त्याहून जास्त दिसतो. बायकांच्या पोलक्याची बाही घट्ट असते. ती वर सरकवली की दंडावर दोरी आवळल्यासारखी बसते आणि आकडा चुकतो. पातळ कापड असेल तर तसंच राहू द्या आणि त्यावरून पट्टा बांधा. पाठीला टेकू हवा, पाय जमिनीला टेकलेले हवेत, हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर हवा. बाजेवर पाय लोंबकळत बसलेल्याचा बीपी मोजू नये. मोजताना बोलायचं नाही. कार्यकर्तीनेही नाही, आणि आपल्याकडे हे फार अवघड जातं, कारण पट्टा बांधताबांधता ‘काय मावशी, कपाशी कशी आहे यंदा’ विचारल्याशिवाय राहवत नाही. ते विचारा, पण आधीच्या पाच मिनिटांत. चहा, बिडी, तंबाखूची चिमूट यांनंतर अर्धा तास थांबा. गालात तंबाखू आहे का ते तोंड उघडून बघा, नुसतं विचारून ‘नाही’ येतं. मशेरीचं बायका सांगत नाहीत, बाजूला घेऊन विचारावं लागतं. लघवी लागली असेल तर आधी जाऊन या म्हणा.

एकदाच १४०/९० आला म्हणून नाव लाल शाईने लिहू नका. वेगळ्या एखाद्या दिवशी पुन्हा मोजा. १८०/११० च्या वर दोनदा आला तर त्याच दिवशी डॉक्टर. त्यासोबत छातीत दुखणं, दम, तोंड वाकडं होणं, हातापायातली शक्ती जाणं यांतलं काही असेल तर थेट १०८. आणि खान्देशचा उन्हाळा विसरू नका. पारा ४४-४५ ला गेला की घाम जातो, पाणी कमी पडतं आणि बीपी खाली येतो. लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्यांना वैशाखात चक्कर येते. ते गोळी स्वतःच बंद करतात आणि पावसाळा लागला तरी पुन्हा सुरू करत नाहीत. त्यामुळे चैत्र-वैशाखातल्या फेऱ्यांना डॉक्टर सोबत हवाच, डोस कमी-जास्त करायला.

नोंदवहीत एक रकाना न चुकता ठेवा : ‘गोळी बंद केली, कारण’. कारणं ठरावीक निघतात. बरं वाटलं म्हणून, पट्टी संपली म्हणून, गाव सोडलं म्हणून, पायावर सूज आली म्हणून. शेवटचं कारण नीट ऐका. अम्लोडिपिन या नेहमीच्या गोळीने काहींच्या घोट्याला खरंच सूज येते. डोस कमी करून किंवा गोळी बदलून ती जाते. पण ‘तसं काही नसतं, घेत राहा’ असं उत्तर मिळालं की तो माणूस पुन्हा फिरकत नाही, आणि शेजारच्या चार घरांतल्या गोळ्याही बंद होतात.

कंपनीचा पैसा घ्यायचा का? घेता येईल, अटी घालून. पैसा संस्थेच्या खात्यात बँकेतून, लेखी करारावर. पाकिटावर, फलकावर, टोपीवर औषधाचं नाव नाही. गोळी कोणती द्यायची यात कंपनीचा शब्द नाही. रुग्णांची नावं, फोन नंबर, आकडे कंपनीला कधीच नाहीत. एवढं मान्य नसेल तर मंडपाचा खर्च वाचवा. चार गावांना मशीनं, पट्टे, वह्या आणि दोन कार्यकर्त्यांचं मानधन लागतं. त्याला स्थानिक व्यापारी, जिनिंगवाले, पतसंस्था हात देतात.

पैशाइतकीच नाजूक गोष्ट चिठ्ठीची. शिबिरातून थेट एका ठराविक दवाखान्यात अँजिओग्राफीला पाठवणं, आणि त्यामागे कमिशन, हा संशय लोकांच्या मनात पक्का बसलेला आहे. उगाच बसलेला नाही. म्हणून पुढे पाठवण्याची चिठ्ठी छापून घ्या. तिच्यावर पहिलं नाव सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचं, मग महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेली रुग्णालयं, आणि ‘निवड तुमची’ हे शब्द ठळक. कुणाला कुठे पाठवलं याची दर तिमाहीची यादी मंडळासमोर यावी. एकाच दवाखान्याकडे ओघ दिसला तर कारण विचारा.

संस्था संशोधनाची आहे, म्हणून इथे एक गल्लत होते. शिबिरातल्या आकड्यांवर पुढे कुणीतरी शोधनिबंध लिहितं. तसं करायचं असेल तर माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीची मंजुरी शिबिराआधी हवी, आणि माणसाची संमतीही आधी. नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियम, २०१९ प्रमाणे त्या समितीत किमान सात जण लागतात, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्ष बाहेरचाच. त्या समितीवर तुम्ही बसू नका, तुम्ही आता संस्थेच्या झालात. ‘ताई, जरा लवकर मंजुरी द्यायला सांगा ना’ अशी विनंती आली तर नाही म्हणा. औषधाच्या चाचणीची नोंद पहिला माणूस घेण्याआधी राष्ट्रीय नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयवर, व्हावी लागते. ही सक्ती २००९ पासूनची आहे. नोंदणी क्रमांक विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि तो सांगता येत नसेल तर तिथेच थांबा.

संमतीचा कागद तुम्ही स्वतः वाचून बघा. शाळेत प्रश्नपत्रिका तपासायच्या तशाच. ‘यादृच्छिकीकरण’ असा शब्द दिसला तर कागद परत पाठवा आणि ‘चिठ्ठ्या टाकून ठरवतात तसं, कुणाला कोणती गोळी मिळेल हे आधी ठरलेलं नसतं’ असं लिहायला सांगा. सही केली तरच उपचार मिळतील असं गावातल्या माणसाला वाटतं. उपचार आणि अभ्यास वेगळे, अभ्यासाला नाही म्हटलं तरी गोळी मिळणारच, हे पहिल्या ओळीत हवं. अंगठा असेल तिथे संस्थेशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. यावल, चोपडा, शिरपूरच्या सातपुड्याकडच्या पट्ट्यात पावरी बोलणारा हवा, नुसता मराठी कागद वाचून दाखवून चालणार नाही. आणि नोंदवहीच्या पानाचे फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला सक्त मनाई करा. हे सर्रास होतं.

आता लोकांना सांगायचं काय. एका वर्षात तीनच गोष्टी सांगा, पण पुन्हा पुन्हा सांगा.

पहिली, ‘गॅस आहे’ म्हणून वेळ घालवू नका. छातीच्या मधोमध दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम, १५-२० मिनिटांत न थांबणारं. बायकांत आणि शुगर असलेल्यांत दुखणं कमी आणि दम, मळमळ, एकाएकी गळून जाणं जास्त, हेही सांगा. अहिराणी गावांत फलकावर ‘छातीमा दुखस का? दम लागस का?’ असंच लिहा, आजी वाचणाऱ्या नातवाकडून ऐकते तेव्हा ते तिचं वाटतं. मोटरसायकलवर मागे बसवून नेऊ नका, १०८ ला फोन करा. आणि फलकाच्या खालच्या निम्म्या भागात फक्त एकच माहिती मोठ्या अक्षरात असू द्या : या गावापासून सगळ्यात जवळ, चोवीस तास ईसीजी निघेल आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळेल असं ठिकाण कोणतं. ते छापण्याआधी स्वतः रात्री तिथे फोन लावून खात्री करा. दोन तासांत अँजिओप्लास्टीपर्यंत (फुग्याने रक्तवाहिनी उघडण्यापर्यंत) पोचणं शक्य नसेल तर ते इंजेक्शन आधी द्यायचं असतं. सातपुड्यातल्या धडगावच्या घाटातून निघालेल्या माणसाचं आयुष्य या एका ओळीवर टिकू शकतं. तो थेट मोठ्या शहराकडे निघाला तर हृदयाचा स्नायू रस्त्यातच मरत राहतो.

ॲस्पिरिनचं फलकावर लिहू नका, आशाताईंना शिकवा : ३०० मिलिग्रॅम चावून, म्हणजे ७५ च्या चार, ॲलर्जी किंवा पोटात रक्तस्राव झालेला नसेल तर. शेजाऱ्याने जिभेखाली ठेवायला दिलेली सॉर्बिट्रेट ही छातीदुखीवरची गोळी बीपी कमी असलेल्याला धोक्याची ठरते, हेही त्यांना माहीत हवं. ‘जोरात खोकत राहा’ आणि ‘लसूण-आलं-लिंबाच्या काढ्याने ब्लॉकेज उघडतात’ हे दोन निरोप फोनवर फिरतच असतात. दोन्ही चुकीचे आहेत, तसं स्पष्ट सांगा. हृदयरोग आणि बीपी बरा करण्याच्या औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. तुमच्या कार्यक्रमाच्या दाराशी तसला स्टॉल लागू देऊ नका.

छाती दाबण्याचं, सीपीआरचं, प्रशिक्षण द्याल तर भाषण नको, पुतळे आणा. एका पुतळ्यावर आठ जणांहून जास्त नको. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. आधी एसटी आगारातले चालक-वाहक, जिनिंगमधले मुकादम, पोलीस पाटील, शिक्षक यांना शिकवा. सहा महिन्यांनी पुन्हा घ्या, हात विसरतो.

दुसरी गोष्ट मिठाची. इथे उपदेश चालत नाही, हिशोब चालतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. पाच माणसांच्या घराला महिन्याला ७५० ग्रॅम. बचत गटाच्या बैठकीत प्रत्येकीला विचारा, महिन्याला मिठाच्या किती पिशव्या येतात? गुरांचं मीठ वेगळं काढा, लोणच्याचं वेगळं धरा. एक किलोची पिशवी चाळीस दिवस पुरायला हवी. तीन आठवड्यांत संपते हे बाईला स्वतःच्या हिशोबातून दिसलं की पुढचं ती स्वतः बोलते. मग उन्हाळ्यातल्या वाळवणाकडे या. उडदाचे पापड, बिबडे, कुरडया यांत मीठ असतं, आणि पापडखारही सोडियमच आहे, तो मिठात मोजला जात नाही एवढंच. शेवभाजी सोडा म्हणू नका, कुणी सोडणार नाही आणि तुमचं ऐकणंही बंद करतील. शेवेत मीठ आधीच असतं, मग रश्शात निम्मंच घाला, एवढं सांगा. कळण्याच्या भाकरीच्या पिठात आणि भरितात मीठ कमी केलं तर सोबतच्या ठेच्यात भरून निघतं, तेही बघा. कमी सोडियमचं पोटॅशियमवालं मीठ मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये.

तिसरी गोष्ट सातपुड्यासाठी, आणि ती मोठ्यांची नाही, मुलांची आहे. घसा दुखून ताप येतो, दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, आज गुडघा तर उद्या घोटा, आणि त्यात हृदयाची झडप खराब होते. हा संधिवाताचा ताप ५ ते १५ वयात जास्त दिसतो. तो एकदा झालेल्या मुलाला बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, साधारणपणे १२ लाख युनिटचं, दर तीन-चार आठवड्यांनी वर्षानुवर्षं लागतं, लहानग्यांना वजनाप्रमाणे कमी. चुकतं कुठे, तर दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गुजरातकडे जातात आणि मूल सोबत जातं. म्हणून प्रत्येक मुलाला गळ्यात अडकवता येईल असं लॅमिनेट केलेलं कार्ड द्या, पुढच्या सहा तारखा आणि इंजेक्शनचं नाव मराठी-गुजराती दोन्हींत. आश्रमशाळेच्या अधीक्षकाकडे आणि मुकादमाकडे यादी द्या. या कामात शिक्षिकेसारखं माणूस डॉक्टरपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

वर्तमानपत्रांचं थोडक्यात. संस्थेच्या वतीने बोलणारं माणूस एकच असावं. ‘नव्या गोळीने झटके २५ टक्क्यांनी घटले’ असं टिपण आलं तर विचारा, किती माणसांत किती? शंभरात चारऐवजी तीन झाले तरी ते २५ टक्केच होतात. बातमीत ‘शंभरात एक’ असं जाऊ द्या. शिबिरात किंवा चाचणीत काही वाईट घडलं, कुणी दगावलं, तर रुग्णाचं नाव सांगायचं नाही, आणि कारणावर अंदाजही करायचा नाही. चाचणीतली गंभीर घटना २४ तासांत नैतिकता समितीला कळवणं संशोधकाला बंधनकारक आहे. ते झालं का एवढं बघा आणि मग घरच्यांना भेटायला स्वतः जा.

मंडळात नऊ जण पुरेत. संस्थेबाहेरचा एक हृदयरोगतज्ज्ञ, वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यकशास्त्र (समाजाच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या) विभागातलं कुणी, एक निवृत्त आरोग्य सेविका, एक हिशोब तपासनीस, एक वकील, आणि ज्याला झटका येऊन गेलाय असा एक शेतकरी नक्की. तो बोलायला लागेपर्यंत दोन बैठका जातील, तोवर त्याला धीर द्या. बैठक तीन महिन्यांनी, विषयपत्रिका दहा दिवस आधी, इतिवृत्त सात दिवसांत. पहिला विषय कायम एकच : मागच्या वेळी ठरलेलं झालं की नाही. दुसरा, एका पानावर चार आकडे : नोंदले किती, महिन्यात परतले किती, सहा महिन्यांनी आटोक्यात किती, सुटले किती आणि का. पाहुण्यांचा सत्कार विषयपत्रिकेवर नको.

संचालकांना २९ सप्टेंबर हवाच असेल तर यंदा त्या दिवशी चार गावांच्या फेऱ्या सुरू झाल्याचं जाहीर करा, आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला, त्याच बाजार समितीच्या आवारात, त्या चारही गावांतल्या लोकांसमोर ते एक पान वाचून दाखवा. आकडे कमी आले तरी वाचा. नेमणुकीचं पत्र हातात आलं की त्याची प्रत आमच्याकडे पाठवा, सही करण्याआधी कलमं बघून कळवतो.